फितूर

वर्गात आकाराम पोवार नेहमी शेवटच्या बाकावर बसायचा. उशिरा येतो म्हणून नव्हे. तो सगळ्यांच्या आधी यायचा. पण पुढं बसलं की आपली पाठ उघडी पडते आणि मागं बसलं की सगळ्यांचे हात दिसतात, हे पोलिसातलं शिक्षण. माणूस तोंडानं काहीही बोलेल, हात मात्र खोटं बोलत नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. सहायक फौजदार म्हणून निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी त्याची नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती.

साठी जवळ आल्यावर कायद्याच्या कॉलेजात नाव घालायचं खूळ याच्या डोक्यात कुठून शिरलं, हे कसबा बावड्यातल्या त्याच्या घरी अजून कुणाला उमगलेलं नव्हतं. कारण साधं होतं. उभ्या नोकरीत त्यानं आरोपी पकडले आणि कोर्टात वकिलांनी ते सोडवले. साक्षीदार ऐन वेळी फितूर व्हायचे. ठाण्यात घडाघडा बोललेला माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की "मला आठवत नाही" म्हणायचा, आणि तोंडावर आपटायचा तो आकाराम. चोराचा येत नसेल एवढा राग त्याला फितुराचा यायचा. एकदा तरी काळा कोट घालून अशा माणसाची पिसं काढायची, एवढीच त्याची इच्छा होती.

वर्गातली बाकीची पोरं बावीस-तेवीसची, त्याच्या धाकट्या मुलाहून लहान. पहिल्या महिन्यातच आकारामनं मनाशी नोंद केली की ही पिढीच्या पिढी संशयास्पद आहे. शेजारी शेजारी बसून एकमेकांना मेसेज करतात. फोन बाकावर पालथा ठेवतात. पालथा कशाला? ज्याला लपवायचं असतं तोच पालथा ठेवतो. आणि फोन लावला तर उचलत नाहीत! रिंग वाजत असते, पोरगं विंचू बघितल्यासारखं स्क्रीनकडं बघत बसतं, आणि रिंग संपली की मेसेज टाकतं, 'काका बोला ना काय झालं'. अरे, बोलायलाच तर फोन केला होता! आकारामच्या हिशेबात फोन न उचलणारा माणूस दोनच प्रकारचा असायचा, मेलेला नाहीतर फरार.

संशय काही एकतर्फी नव्हता. आकाराम जिना चढून वर आला की व्हरांड्यातल्या घोळक्याचा आवाज बसायचा. सम्राट म्हणून एक उंच, कुरळ्या केसांचं पोरगं होतं, पेठेतल्या संघाकडून फुटबॉल खेळणारं. त्याच्या तोंडाला कुलूप कसलं ते ठाऊक नव्हतं. एक दिवस त्यानंच विचारून टाकलं.

"काका, खरं सांगा. तुम्हाला डिपार्टमेंटनं आमच्यावर लक्ष ठेवायला पाठवलंय नव्हं?"

"कोण म्हणतंय?"

"सगळीच म्हणत्यात. मेसेजला नुसता अंगठा पाठवताय. 'ठीक' लिहून म्होरं पूर्णविराम देताय. एवढं रागानं कोण बोलतंय व्हय?"

पूर्णविरामात राग असतो ही बातमी आकारामला नवीन होती. पंचनाम्यात पूर्णविराम विसरणाऱ्या हवालदाराला त्यानं उन्हात उभं केलेलं होतं. पोरगं चेष्टेच्या आडून चाचपून बघतंय, हे मात्र त्यानं बरोबर ओळखलं, आणि तेव्हापासून सम्राटवर त्याची खास नजर राहिली.

प्रियदर्शनी या सगळ्यांत वेगळी. पेठ वडगावच्या जैन घरातली, बारीक अंगाची, हळू आवाजाची. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम तर आकारामवर खरोखरच कुणीतरी सोपवलं होतं. प्रवेशाच्या वेळी तिचे वडील, नेमगोंडा पाटील, बोलेरोतून पोरीचं सामान हॉस्टेलवर टाकायला आले होते. वडगावात त्यांचं खत-बियाणांचं दुकान. पांढरे केस बघून त्यांनी आकारामला प्राध्यापक समजून हात जोडले. त्यानं खरं काय ते सांगितल्यावर तर त्यांना जास्तच बरं वाटलं.

"पोलिसातलं माणूस वर्गात हाय म्हंजे काळजीच मिटली की. नंबर घ्या, पावणं. लक्ष ठेवा पोरीवर. सांगलीकडचं स्थळ आलंय, त्यास्नी घाई हाय. ही म्हणती, शिकतो. म्हटलं, शीक. पर एक जरी तक्रार घरी आली, की त्या दिवशी बॅग भरायची आन् परत. तसं ठरवूनच पाठवलंय तिला."

प्रियदर्शनी शेजारी खाली मान घालून उभी होती. आकारामला त्या बापाचं म्हणणं मनापासून पटलं. त्यानं नंबर घेतला आणि काळजी करू नका म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतर वर्गाला शिकवणाऱ्या मॅडमनी मूटसाठी गट पाडले. मूट म्हणजे खोटा खटला. खरे वकील होण्याआधी पोरांनी हात साफ करून घ्यायचा. खटला असा होता, की गुजरीतल्या एका सराफाच्या दुकानात चोरी झालीय. सम्राट सरकारी वकील, प्रियदर्शनी आरोपीची वकील, आणि आरोपीला बघणारा पोलीस साक्षीदार, दुसरा कोण, आकाराम! हे काम काका झोपेतसुद्धा करतील, असं सगळ्यांना वाटलं. पण सरावाला काका पहिल्याच प्रश्नाला अडकले.

"साक्षीदार, तुम्ही काय पाहिलंत?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"आरोपी चोरी करून दुकानाच्या बाहेर पडला."

"चोरी तुम्ही बघितली, काका?"

"बघायला कशाला पायजे? कुलूप लावलेल्या दुकानातनं बाहेर पडणारा माणूस काय देवदर्शनाला गेलता?"

सगळे हसले. तीही हसली, पण तिनं सोडलं नाही. "तुम्ही त्याला बाहेर पडताना बघितलं. तेवढंच सांगायचं. बाकीचं तुमच्या डोक्यातलं हाय."

दर सरावाला तो तेच म्हणायचा आणि ती त्याला तिथंच धरायची. आकारामला तिचा राग मात्र कधी आला नाही. उद्या ही पोरगी कोर्टात उभी राहिली तर पोलिसांची धडगत नाही, असं त्याला वाटायचं, आणि का कोण जाणे, त्याचा अभिमानही वाटायचा.

त्याच सुमारास मॅडमनी वर्गात फितूर साक्षीदार शिकवला. माणूस फितूर का होतो, असं त्यांनी विचारल्यावर आकारामनं शेवटच्या बाकावरून हात वर केला.

"पैसा न्हाईतर भीती. तिसरं कारण न्हाई."

"आन् मागनं अक्कल आली तर, काका?" सम्राट पुढून ओरडला. वर्ग खदखदून हसला. आकाराम हसला नाही.

मंगळवारची भानगड त्याच्या ध्यानात आली तीही सरावामुळंच. मंगळवारी सराव ठेवला की प्रियदर्शनीला जमायचं नाही, आणि का जमत नाही ते कुणी सांगायचं नाही. तास संपला की ती कुणाच्या तरी मोपेडवर मागं बसून निघून जायची. दर वेळी गाडी वेगळी, माणूस वेगळं. कधी सम्राट, कधी तिची रूममेट निशिगंधा, कधी आणखी कुणी. त्या वेळात तिचा फोन बंद. एकदा सम्राट फोन बाकावर उताणा टाकून पाणी प्यायला गेला आणि आकारामची नजर आपसूक तिकडं गेली. 'आज कोण नेणार' असं कुणीतरी विचारलं होतं. त्याखाली ओळ होती, 'डोस वाढवलाय लक्ष ठेवा'.

डोस! नशेपायी वाया गेलेली पोरं त्यानं नोकरीत बघितली होती, त्यांच्या आयांचं रडणं ऐकलं होतं.

पुढच्या मंगळवारी त्यानं आपली जुनी मोटरसायकल सम्राटच्या मोपेडमागं घातली, मधे चार गाड्या ठेवून. राजारामपुरीतल्या एका गल्लीत मोपेड थांबली. खाली मोबाइलचं दुकान, मधल्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग, आणि वरच्या मजल्याला पाटीच नाही. जिथं पाटी नाही तिथं काहीतरी काळंबेरं, हे आलंच. प्रियदर्शनी जिन्यापाशी थबकली, माघारी वळली. सम्राटनं काहीतरी समजावून तिला वर नेलं. आकाराम समोरच्या रसाच्या गाड्याआड उभा राहिला. बऱ्याच वेळानं ती खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, सुजलेले. सम्राटनं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दिली. तिनं एक गोळी तोडून तोंडात टाकली. मग दोघांनी तिथंच उभं राहून आइस्क्रीम खाल्लं आणि ती हसायला लागली. ते हसणं बघून आकाराम जास्तच हादरला. नशेतली पोरं अशीच हसतात.

त्यानं तिथूनच तिला फोन लावला. तिनं स्क्रीनकडं बघितलं, तिचा चेहरा उतरला, तिनं फोन सम्राटला दाखवला. रिंग वाजून वाजून बंद झाली. मग मेसेज आला, 'काका बिझी आहे उद्या बोलू'. रस्त्यापलीकडं आइस्क्रीम चाटत उभी, आणि म्हणे बिझी!

सरळ रस्ता ओलांडून विचारता आलं असतं. पण ते त्याच्या पद्धतीत बसत नव्हतं. संशयिताला आधी सावध करायचं नाही, आणि पोरीचं प्रकरण असेल तर पहिल्यांदा बापाला कळवायचं, या रीतीनं त्यानं सगळी नोकरी काढली होती. शिवाय त्याला खरंच कळवळा आला होता. एवढी हुशार पोरगी, आणि हे टोळकं तिला बुडवायला निघालंय! संध्याकाळी घराच्या कट्ट्यावर बसून त्यानं नेमगोंडांचा नंबर लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला.

"पावणं, मंगळवारी तुमची पोरगी राजारामपुरीत कुठंतरी जाती. वेगवेगळी पोरं नेत्यात. कसल्या तरी गोळ्या खाती. मी डोळ्यानं बघितलंय."

नेमगोंडा एवढंच म्हणाले, "सकाळी येतो मी. उपकार झालं तुमचं."

बायको आत भाकऱ्या थापत होती. तिला त्यानं सगळी हकीकत सांगितली. "पोरीला इचारलंसा का?" तिनं मान वर न करता विचारलं. तुला त्यातलं काय कळतंय, म्हणून आकारामनं विषय मिटवला आणि त्या दिवशी एक भाकरी जास्तच खाल्ली.

सकाळी कॉलेजात मूट होती. त्याआधी आकारामनं सम्राटला गाड्यांच्या शेडमध्ये गाठलं, ठाण्यात गाठायचा तसंच, त्याची पाठ भिंतीला लावून.

"माल कुठनं येतोय?"

"कसला माल?"

"प्रियदर्शनीला देतोस त्यो. राजारामपुरीत वरच्या मजल्यावर कोण बसतंय? बोल. समदं बघितलंय मी."

सम्राटला आधी हसू फुटलं. मग आकारामचा चेहरा बघून ते विझलं.

"काका, तिथं डॉक्टर हाईत. मनाच्या आजाराचे."

"थापा मारू नगं."

"थापा कशाला मारू? दिवाळीच्या आधी ती झोपंना झालती. जेवंना, खोलीच्या भाईर येईना. घरनं फोन आला की स्थळाचंच बोलणं, त्यामुळं नुसती रिंग वाजली तरी हातपाय कापायचे तिचे. निशिगंधानं धरून नेली डॉक्टरकडं. एकटी गेली की जिन्यातनंच परत येती, म्हणून आम्ही पाळी लावलीय. गोळ्या डॉक्टरच्या हाईत. वर बसून रडती, म्हणून खाली आलं की आइस्क्रीम. ह्यात माल कुठं आला?"

आकाराम एक पाऊल मागं सरला. "कुणाकुणाला ठाऊक हाय हे?"

"सगळ्यांना. अख्ख्या वर्गाला. तिनंच ग्रुपवर लिहिलं, मला असं असं होतंय, बरोबर कोण येणार का. त्यात लपवायचं काय हाय?"

"मला ठाऊक न्हाई ते?"

सम्राटनं खाली बघितलं.

"तुम्ही घरी सांगशीला म्हणून."

आकारामच्या पिढीत असलं दुखणं चार भिंतींच्या बाहेर जाऊ देत नसत. शेजाऱ्याला कळलं तर अब्रू गेली. इथं पोरीनं आपलं दुखणं साठ जणांना सांगितलं, आणि साठ जणांनी ते पोटात ठेवलं. दोघांतलं गुपित चार दिवसांत आपल्या टेबलावर येतं, या भरवशावर त्याची नोकरी झाली होती. साठ जणांनी राखलेलं गुपित त्यानं कधी बघितलं नव्हतं. आणि ते फुटलं ते त्याच्याच तोंडून. त्याला स्वतःची भयंकर शरम वाटली.

"सम्राट," तो म्हणाला, "मी सांगितलंय रं. काल सांजंला. तिच्या बापाला."

सम्राट काही बोलणार तेवढ्यात फाटकातून बोलेरो आत आली.

नेमगोंडा उतरले ते तडक व्हरांड्यात, आणि त्यांच्यामागं आकाराम आणि सम्राट. प्रियदर्शनी मूटसाठी उसना काळा कोट घालून तिथंच उभी होती, भोवती वर्गातली पोरं. बापाला बघितलं मात्र, तिच्या हातातले कागद फडफडायला लागले. वारा नव्हता. आकारामला त्या क्षणी तिच्या हातांशिवाय दुसरं काही दिसेना.

"अण्णा? तुम्ही कसं काय?"

"तुला सांगतो की. हे आलेच." नेमगोंडांनी आकारामकडं बोट केलं. "पावणं, हिच्या तोंडावर सांगा. काय बघितलंसा?"

सगळा वर्ग आकारामकडं वळला. पोरगी डॉक्टरकडं जाते, असं खरं सांगून टाकावं का? पण डोक्याच्या डॉक्टरकडं पोरगी जाते हे ऐकल्यावर हा बाप काय करील, ते आकारामला नीट ठाऊक होतं; कालपर्यंत त्यानंही तेच केलं असतं. आणि ते सांगायचा हक्क तिचा होता, त्याचा नव्हता.

"माझी वळखायची चूक झाली," तो म्हणाला.

"काय?"

"ती पोरगी दुसरीच हुती. मी लांबनं बघितली."

"काल तर डोळ्यानं बघितलंय म्हणत हुता. नाव घेतलंसा हिचं."

"घेतलं. चुकलं."

"आन् गोळ्या?"

"मला नीट दिसलं न्हाई."

"पोरं नेत्यात म्हणालासा, ती कुठली?"

"आठवत न्हाई," आकाराम पोवार म्हणाला.

नेमगोंडांचा जन्म दुकानात गिऱ्हाइकाची नियत ओळखण्यात गेला होता. ते आकारामच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. "किती दिलं तुम्हाला ह्या पोरांनी? का दम दिला?"

पैसा नाहीतर भीती. तिसरं कारण नेमगोंडांनाही ठाऊक नव्हतं.

"कुणी काय दिलं न्हाई," आकाराम म्हणाला.

"पोलिसात हुता म्हणं! तुमच्या असल्या साक्षीवर किती माणसं फुकट आत गेली असतील, देव जाणे."

हे सगळ्यांनी ऐकलं. आकारामच्या कानशिलांतून वाफा निघाल्या, पण तो मान खाली घालून उभा राहिला. नेमगोंडा पोरीकडं वळले. "खरं काय ग?"

प्रियदर्शनीनं कागद छातीशी घट्ट धरले. "अण्णा, माझी मूट हाय आता. बघून जावा. मग काय ते विचारा."

नेमगोंडा वर्गात आले आणि शेवटच्या बाकावर, नेमक्या आकारामच्या जागेवर बसले. आकाराम पुढं साक्षीदाराच्या खुर्चीपाशी उभा राहिला. सरकारी वकील म्हणून सम्राटनं त्याची सरतपासणी कशीबशी उरकली. मग प्रियदर्शनी उठली.

"साक्षीदार, तुम्ही काय पाहिलंत?"

"एक माणूस दुकानातनं बाहेर पडताना बघितला."

ती थांबली. आजवर तो इतकं नेमकं कधी बोलला नव्हता.

"चोरी करताना बघितलंत?"

"न्हाई."

"मग चोर म्हणून का सांगितलंत?"

"मला तसं वाटलं."

"वाटलं." तिनं हातातले कागद टेबलावर ठेवले. पुढचा प्रश्न त्या कागदांत नव्हता, कुठल्याच सरावात नव्हता. "त्याच्याबद्दल सांगत सुटायच्या आधी त्याला एकदा विचारलं होतंत?"

आकारामला कट्टा आठवला, आत भाकऱ्या थापणारी बायको आठवली.

"न्हाई," तो म्हणाला. "विचारायला पायजे हुतं."

सम्राटनं उभं राहून न्यायाधीश म्हणून बसलेल्या मॅडमना सांगायचं होतं की साक्षीदार फितूर झालाय. तो उभा राहिला, पण बोलला नाही. मॅडमनीच मग समारोप केला.

मागचा बाक करकरला. नेमगोंडा उठले होते. त्यांनी पोरीकडं बघितलं, तिच्या अंगावरच्या सैल कोटाकडं बघितलं. बॅग भरायचं नाव त्यांनी काढलं नाही.

"शनवारी घरी ये," ते म्हणाले. "आई वाट बघती. आन् मंगळवारी मी फोन लावणार, त्यो उचलायचा."

"उचलतो, अण्णा."

बोलेरो गेल्याचा आवाज आल्यावर ती बाकावर बसली. निशिगंधानं तिचा हात धरला. आकाराम तिच्या जवळून मागं निघाला, तेव्हा तिनं समोर बघतच विचारलं, "काका, काल अण्णांना फोन तुम्हीच केला होता?"

"व्हय."

आकाराम आपल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पुढच्या सगळ्या बाकांवरची पोरं मागं वळून त्याच्याकडं बघत होती, तो इतके दिवस त्यांच्याकडं बघायचा तशीच. आकारामनं दोन्ही हात बाकावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले.